पट्ट्याचं बटन
नातवाचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला मँगनीजचा दगड आज पुसायला उचलला, आणि त्याचं वजन हाताला लागताच उकव्याच्या खाणीतली ती सकाळ आठवली. खाणीबाहेरच्या अंगणात आम्ही बाया हातोडीनं दगड फोडून माल, म्हणजे मँगनीज, आणि रद्दी, म्हणजे टाकाऊ दगड, वेगळे करायचो. मी मायच्या शेजारी बसायची. त्या दिवशी तिथं सरकता रबरी पट्टा बसवला. तरुण इंजिनियर खुशीत म्हणाला, "दस साल में यहाँ किसी के हाथ काले नहीं होंगे." मुकादमानं कपाळाला हात लावला, "दहा सालानं आपल्याले कोनी पुसनार नाई. भीक मागाची पाळी येईन." पट्टा सुरू होऊन दगड समोरून सरकू लागले तशा आम्ही घाईघाईनं काळे दगड उचलू लागलो. माय मात्र प्रत्येक दगड तळहातावर तोलायची आणि आम्ही निवडलेलेही रद्दीत फेकायची. "काला तो है, बाई!" इंजिनियर ओरडला. "काळा हाय, पन हलका हाय. माल जड रायते, साहेब." त्यानं दोन दगड दोन हातांत धरून पाहिले आणि हलका रद्दीत टाकला. मग माय म्हणाली, "पट्टा चांगला हाय. पन तोलाले वेळ लागते. याले थांबवाचं बटन माह्याजवळ लावून द्या." दुपारपर्यंत तार ओढून बटन तिच्या हाताशी आलं. सही न येणारी माझी माय ते दाबायची आणि अख्खा पट्टा उभा राहायचा! आता नातू म्हणतो, पुढं यंत्रंच सगळं करतील. सून म्हणते, सगळं बुडेल. मी दोघांना एवढंच विचारते, "हौ, पन थांबवाचं बटन कोनाजवळ हाय?"