सुभेदारांना दिलेला पिवळा रंग

लग्न ठरण्याआधी मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना पिवळा रंग दिला. तोही हातात ब्रश न घेता!

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. सांगलीत माझा कारखाना होता (एका पत्र्याच्या शेडला कारखाना म्हणायला जी हिंमत लागते, ती माझ्यात भरपूर होती). त्यात मी पावडर कोटिंगचं नवंकोरं मशिन आणलं होतं. रहिमतपूरची एक मुलगी पाहून आलो होतो आणि ती मला फार म्हणजे फारच आवडली होती. पण तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, अडून बसले होते. "रंगाऱ्याला पोरगी देणार न्हाई!" मी रंगारी नसून तंत्रज्ञ आहे, हे पटवायला मी त्यांनाच दसऱ्याच्या मुहूर्तावर मशिन बघायला बोलावलं. बुद्धी झाली, दुसरं काय!

सुभेदार आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक फेटा, पीळदार मिशा. माझ्या आईने मशिनची पूजा मांडली होती. जमीन पाणी शिंपडून ओलीचिंब आणि सगळ्यांची पायताणं दाराबाहेर.

"तेल न्हाई, पाणी न्हाई, मग रंग चिकटतो कसा, पाव्हणं?" सुभेदारांनी मला विचारलं.

मी घसा खाकरला. "मामा, या पिस्तुलातून कोरडी पावडर उडते. उडतानाच तिच्यात वीज भरते. समोर आकड्याला टांगलंय ते पंपाचं झाकण. आकडा, साखळी, सगळं जमिनीला जोडलेलं. वीज भरलेली पावडर जमिनीला जोडलेली वस्तू हुडकते आणि जाऊन चिकटते. अगदी मागच्या बाजूलासुद्धा! मग भट्टीत भाजलं की वितळून पक्की."

"असं व्हय? दावा की!"

मी ऐटीत चाप ओढला. पिवळा ढग निघाला, झाकणाजवळ गेला आणि झाकणाला न शिवता बाजूला झाला. मी पावडर वाढवली. झाकण कोरडं ठणठणीत!

"लाजत असंल," आई म्हणाली.

सुभेदारांनी लोखंडी कठडा धरला आणि नीट दिसावं म्हणून पुढे वाकले. त्यांनी उभ्या जन्मात पिस्तुलासमोर माघार घेतली नव्हती. आताही घेतली नाही, आणि तीच पंचाईत झाली. ढग वळला. आधी मिशा पिवळ्या झाल्या, मग भुवया, मग फेटा. मी सांगितल्याप्रमाणे मागच्या बाजूलासुद्धा!

"बया! खंडोबाच आलं की!" आईने हात जोडले.

माझं लक्ष वर गेलं. "आई, आकड्याला काय गुंडाळलंयस?"

"खण! लोखंडावर लोखंड किरकिरत हुतं. मुहूर्ताला असला आवाज बरा न्हवं."

म्हणजे झाकणाचा जमिनीशी संबंधच तुटला होता! आणि ओल्या जमिनीवर अनवाणी, लोखंड धरून, पावडरीच्या वाटेत उभे होते ते फक्त माझे सासरे. पावडरीने आपलं काम चोख केलं होतं.

"मामा, घाबरू नका," मी धीर दिला, "भट्टीत भाजल्याशिवाय हा रंग पक्का होत नाही!"

"आरं, मला भट्टीत घालतोस व्हय रं?" (पाव्हण्याचा 'आरं' झालेला माझ्या लक्षात आला होता.)

"नाही, नाही! हवेने झटकतो!" म्हणून मी हवेची नळी त्यांच्यावर सोडली. पावडर उडाली, हे खरं. पण तिच्याआधी फेटा उडाला, सुटला आणि पंख्यात जाऊन गुंडाळला गेला. सुभेदार बोडक्या डोक्याने रस्त्याला लागले. मी दारात उभा राहिलो. मुलगी हातची गेली, या विचाराने मला खरंच रडू कोसळलं.

आठवड्याने रहिमतपूरहून होकार आला! सुभेदार मध्यस्थाला म्हणाले होते, "पोरगं लय गरीब हाय. कुणाचं वाईट करायचं म्हटलं तरी त्याला ते नीट जमायचं न्हाई."

लग्नात त्यांनी लोखंडी कपाट दिलं. मी उत्साहाने म्हणालो, "मामा, याला रंग मी देतो!"

सुभेदार कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "दिलाय. आमच्या रंगाऱ्यानं. ब्रशानं."

माझा कारखाना कधीच बंद पडला. कपाटाचा रंग अजून जागचा हललेला नाही. बायको ते रोज पुसते आणि पुसताना मुद्दाम माझ्याकडे बघते.