पाळण्याशी दुधाची वाटी

कन्नड कथांचं मराठी करायला बसले, की मला आत्या लागायची. ती लग्न होऊन चिकोडीकडं गेली, तिथंच कन्नड वाचायला शिकली आणि नवरा गेल्यावर शिवाजी पेठेत आमच्याकडं परत आली. आमची पद्धत ठरलेली. मी माझं मराठी मोठ्यानं वाचायची आणि ती मूळ पुस्तकातल्या ओळींवरनं बोट फिरवत ऐकायची. बोट थांबलं, की माझं काहीतरी चुकलेलं असायचं. मग मला राग यायचा. बारा पुस्तकं केलेल्या बाईला चुका दाखवलेल्या कुठं खपतात!

गेल्या वर्षी एका कथेत मी नको तो शहाणपणा केला. तान्ही मुलगी गेलेली आई रोज संध्याकाळी रिकाम्या पाळण्याशी दुधाची वाटी ठेवते, असं मुळात होतं. मी तिथं दिवा लावून टाकला. मराठी वाचकाला दूध परकं वाटेल, असं मीच ठरवलं.

बोट थांबलं.

"हितं दूध हाय. दिवा कुठनं आणलास?"

"आपल्यात असं करत न्हाईत, आत्या."

"कुणी सांगितलं तुला? दिवा काय करायचाय पोराला? भूक लागती पोराला."

मीही हट्टाला पेटले. "पण आपल्यात कुणी केलंय का?"

"मी केलंय की."

चष्मा काढून ती पदरानं पुसत बसली. आत्याला मूलबाळ झालंच नाही, असं घरात सगळे म्हणायचे आणि पन्नास वर्षं मीही तेच धरून चालले होते. मग तिनं आपणहून सांगितलं. मुलगी चौथ्या महिन्यात तापानं गेली. सासरी तिचं नाव काढायची बंदी होती, माहेरी कुणी विचारलं नाही. पाळण्याशी ठेवलेलं दूध कुणी बघायच्या आत ती स्वतःच पिऊन टाकायची.

"ह्या लिवणाऱ्या बाईला कसं कळलं गं?" तिनं मला विचारलं.

मला माझीच लाज वाटली. परकं म्हणून मी जे गाळलं, ते माझ्याच घरातलं होतं. मी दिवा खोडला आणि दूध लिहिलं.

"आता वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. कथेतल्या मुलीला लेखिकेनं नाव दिलेलं नव्हतं. तिचा उल्लेख आला तिथं आत्यानं हळूच एक नाव घेतलं. माझ्या आत्तेबहिणीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.