भिंत फोडण्याआधी

"आधी बगूया. फोडूचा मगे."

दारात पाऊल टाकताच काका हे म्हणायचे आणि हत्यारांची पिशवी न उघडताच उंबऱ्याशी ठेवायचे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बाकीचे प्लंबर छिन्नी हातात घेऊनच येत. काकांचा मात्र चहा पिऊन झाला तरी भिंतीकडे बघणं संपायचं नाही. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. आधी आपण त्याच्यावर चिडतो आणि मग दुसऱ्या कुणाला घरात घ्यायला धजत नाही.

काका सावंतवाडीकडचे. गिरणीत वाफेच्या पाइपांवर काम केलेले. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या चाळीतून सायकलवर आमच्याकडे येऊ लागले. सगळ्यांना अरे-तुरे करायचे, सोसायटीच्या सेक्रेटरींनासुद्धा. गळकं घर दिसलं की डॉक्टरसारखे प्रश्न सुरू. "सकाळी जास्ती की सांजेक? नळाक पाणी येता तेव्हा, की न्हाताना?"

एकदा तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडक्लार्क भडकले. "माझ्या आंघोळीची चौकशी करणारे तुम्ही कोण?"

"आंघोळ तुजीच रे बाबा," काका शांतपणे म्हणाले, "पण पाणी खालच्याच्या डोक्यार पडता."

त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो. पुढे माझीच पाळी येईल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली. ओल वरून येते म्हणजे दोष वरच्यांचा, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी तपासूनही बघत नसे. वर कुसुमताई राहायच्या. मी ऑफिसातून येईपर्यंत माझी लेक शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची, जेवायची, अभ्यासही तिथेच करायची. त्याच कुसुमताईंविरुद्ध मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं, आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यात दोनदा घातला. सोसायटीने कुठलासा प्लंबर पाठवला. त्याने त्यांच्या बाथरूमची जमीन उखडली, नव्या लाद्या बसल्या. ओल जिथल्या तिथे.

कुसुमताई भांडल्या नाहीत, पण दुपारी त्यांचं दार बंद राहू लागलं. लेक दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात माझी वाट बघत बसायची. ते बघून मला राग यायचा, आणि तोही कुसुमताईंचाच!

शेवटी मी काकांना बोलावलं. त्यांनी स्टुलावर चढून ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली. मग वर जाऊन कुसुमताईंना सांगितलं, दोन दिवस बाथरूम वापरू नको. मला वाटलं, त्या दार आपटतील. पण त्या दोन दिवस शेजारच्या घरी आंघोळीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि बघता बघता ओल रेघेच्या दोन बोटं बाहेर सरकली. काकांनी नवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधीच त्यांनी आमच्या माळ्यावरच्या टाकीत पाणी सोडणारा कॉक बंद केला. ओल जागची हलली नाही.

"बाय, पाणी तुजाच आसा."

टाकीला जाणारा पाइप छताला लागून होता. उघडा पाइप बरा दिसत नाही म्हणून वर्षापूर्वी मीच हट्टाने तो भिंतीत गाडून घेतला होता.

"काका," मी हळूच म्हटलं, "गुपचूप दुरुस्त करून टाका ना. वर काही बोलू नका. गळती वरचीच होती, असं सांगू."

त्यांनी पिशवी उचलली. "मी कोणाक सांगूचंय नाय. तू सांग. तवसर मी भिंत फोडूचंय नाय."

आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसले. मी चरफडले. घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या. त्यांच्या बाजूने वर चढले तेव्हा त्यांनी मानही वळवली नाही.

पाणी माझंच निघालं एवढंच मी सांगितलं, काकांनी पाठवल्याचं नाही; कुसुमताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून पोरीला वर पाठव. जिन्यात बसलेली बघवत नाही गं."

काकांनी मग तळहाताएवढीच भिंत फोडली. सेक्रेटरींना दुसरं पत्र मी त्याच दिवशी लिहिलं.

तीन-चार वर्षांनी आमच्या छताला पुन्हा ओल आली. कुसुमताई स्वतःच खाली आल्या. "या वेळी आमचंच असणार बघ," म्हणाल्या. काका बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते, म्हणून आम्ही दोघी भांडुपला त्यांच्या चाळीत गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काका गणपतीला गावी गेले होते, तिथेच आजारी पडले आणि गेले. आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं.

तिने आम्हाला बसवलं. मुलुंडहून आलो म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "थंयल्या एका बाईची गोष्ट ते सगळ्यांका सांगायचे. चूक कळल्यार स्वताहून जिनो चढान माफी मागूक गेली, म्हणायचे. असा माणूस गावना नाय."

कुसुमताईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांचाही तोच समज होता. मी खोटं सांगायला निघाले होते हे काकांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं, वर माझी लाजही झाकून ठेवली होती. मला रडू आवरेना.

"नाही हो," मी म्हटलं, "मी जात नव्हते. त्यांनी मला पाठवलं."

आणि त्यांच्याच घरात बसून त्या दोघींना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.