शेवटचे चार सेकंद

मे महिना आला की जर्मनीत, गार्चिंगच्या ऑफिसात माझा सहकारी टोबियास डेस्कवर चिठ्ठी लावतो: 'बिट्टे', म्हणजे प्लीज, 'स्कोअर सांगू नका.' अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या प्लेऑफ्सचे, म्हणजे बाद फेरीचे, सामने इथे पहाटे असतात, म्हणून तो संध्याकाळी रेकॉर्डिंग बघतो. ती चिठ्ठी दिसली की मला एर्लांगेनच्या होस्टेलचं किचन आठवतं, आलं घातलेल्या चहाच्या वासासकट.

तिथे आम्ही पाच मराठी विद्यार्थी असेच रेकॉर्डिंग बघायचो. दिवसभर कोणी निकाल बघायचा नाही, हा नियम होता. मी शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये चार वर्षं खेळले होते, पण काही बोलायला गेले की आमचा सीनियर निखिलदादा म्हणायचा, "तुला काय कळतंय? तू चहा टाक." सगळे हसायचे. मी चहा टाकायचे.

त्या दिवशी मी सकाळीच निकाल बघून ठेवला.

शेवटचे चार सेकंद उरले होते आणि दादाची टीम दोन पॉइंटांनी पुढे होती. त्याने व्हिडिओ थांबवला आणि उभा राहून म्हणाला, "बघा आता, जिंकलोच!"

मी कप त्याच्या हातात दिला. "दादा, समोरच्या टीममधला ज्याच्या हातात चेंडू आहे ना, तो पास देईल. कोपऱ्यातून तीन पॉइंटांचा शॉट, थेट आत. हरली तुझी टीम."

"तू निकाल बघितलास?" त्याचा आवाज चिरकला. नंतर कोणी प्ले दाबलंच नाही. स्क्रीनवर चेंडू त्या खेळाडूच्या हातातच राहिला.

तेव्हा दोन दिवस मला अपराधी वाटलं होतं. आता वाटतं, मी घाई केली. ती सात मॅचच्या फायनलमधली सहावी मॅच होती, ट्रॉफी सातवीत ठरणार होती. तेवढं थांबायला हवं होतं.