सातच्या आधी आवाज करू नये

जूनचा दुसरा शनिवार, सकाळी सहा. जागा: आमच्या अपार्टमेंटची गच्ची, इंदिरानगर. हजर: कराटे शिकवणाऱ्या बाई, ज्या एरवी एका शाळेत पीटी घेतात, तळमजल्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या मावशी, वय त्रेसष्ट, तिसऱ्या मजल्यावरची आयटीतली पुण्याची मुलगी, आमच्यासकट तीन घरी धुणीभांडी करणारी अथणीकडची बाई, आणि मी. गैरहजर कोणी नाही. पहिलाच दिवस होता.

वहीत ही नोंद करून मी पुढे एक रकाना आखला: येण्याचं कारण. मावशींनी ‘गुडघे’ लिहिलं. पुण्याच्या मुलीने ‘फिटनेस’. अथणीची बाई म्हणाली, "अक्का, तुम्हीच लिवा. तुम्ही बोलावलं म्हणून आले." मी माझ्या नावापुढे ‘व्यायाम’ लिहिलं. ते खोटं होतं.

खरं कारण पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळते. ऑफिसात वयाने मोठी बाई मीच, म्हणून महिलांच्या तक्रार समितीवरही मीच. मार्चमध्ये पॅकिंगच्या एका मुलीने तक्रार दिली, की लोडिंगचा सुपरवायझर तिला गोदामात वाट अडवून उभा राहतो. समितीतल्या आम्ही तिघांनी दोघांचंही ऐकून घेतलं, अहवाल लिहिला, पहिली सही मी केली. त्याची नोकरी गेली. जाताना तो माझ्या टेबलासमोरून गेला. काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

एप्रिलपासून तो दिसायला लागला. कारखान्याजवळच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली, चहाच्या गाड्याजवळ, नुसता उभा. हातात मोबाईल नाही, चहाचा ग्लास नाही. माझी सवय अशी, की एखादी गोष्ट दोनदा झाली की तिची नोंद करायची. म्हणून मी लिहायला लागले: तारीख, वेळ, कुठे उभा होता, अंगात काय होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अकरा नोंदी झाल्या. बाराव्या वेळी तो बोलला. "मॅडम, इंदिरानगरला जाता ना? मॅजेस्टिकला गाडी बदलायची म्हणजे त्रासच." तब्येत विचारावी तसा आवाज. मी पुढे गेले, गाडीत चढले, मॅजेस्टिकला गाडी बदलली, घरी येऊन कणीक मळली. नोंद दुसऱ्या दिवशी केली.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, नोकरी सोड. दोन वर्षं तो माझ्या पाठदुखीवरून हेच म्हणतोय, आणि तेही मायेने. मायेने म्हटलेल्याला नाही म्हणणं फार कठीण जातं. बावीस वर्षांचं स्टोअर मी एका माणसाच्या उभं राहण्यामुळे सोडणार नव्हते. म्हणून मी कराटेचा वर्ग सुरू केला. अपार्टमेंटची सेक्रेटरी मीच असल्याने गच्चीची किल्ली माझ्याकडे होती. शिकवणाऱ्या बाई मावशींच्या ओळखीतून मिळाल्या. पाच दिवसांत सगळं जमलं.

पहिल्या दिवशी बाईंनी उभं राहायला शिकवलं, आणि मग ओरडायला. "ठोसा मारताना पोटातून आवाज आला पाहिजे," त्या म्हणाल्या. "घशातून नाही. पोटातून." आम्ही पाचजणी ओरडलो. दोन मिनिटांत चौथ्या मजल्यावरचे आजोबा लुंगी सावरत वर आले.

"कोणी पडलं का?"

कोणी पडलं नव्हतं. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालेलं, तिला पहाटेच जरा डोळा लागायचा. आठपर्यंत ग्रुपवर आणखी चार मेसेज आले. नऊ वाजता मी नियम टाइप करून गच्चीच्या दाराला चिकटवला: सातच्या आधी आवाज करू नये. खाली सेक्रेटरी म्हणून सही.

बाई नाखूष होत्या. "आवाजाशिवाय अर्धंच शिकाल."

"सातला सगळ्यांना कामाला पळायचं असतं, बाई," मी म्हटलं. "आम्ही मनातल्या मनात ओरडू."

सगळ्या हसल्या, आणि तसंच ठरलं. पुढच्या शनिवारपासून आम्ही ओठ घट्ट मिटून ठोसे मारायला लागलो. श्वास नाकाने जोरात सोडायचा. पाचजणींचा एकदम फुस्स असा आवाज यायचा.

"सिलिंडर गळाल्यागत वाटतंय," अथणीची बाई म्हणाली. "स्वल्प थांबा, कुणीतरी काडी ओढेल."

महिन्याभरात हात बसले. मनगट कोणी धरलं तर त्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे फट असते. आपलं मनगट त्या फटीकडे वळवायचं, कोपर अंगाशी घ्यायचं, एक पाऊल मागे. जोर लावायचा नाही. बाई माझं मनगट धरायच्या, मी सोडवायची. प्रत्येक शनिवारी पन्नास वेळा, मोजून. पुण्याची मुलगी म्हणायची, "काकू, तुमचं एकदम परफेक्ट. सायलेंट मोडवर कराटे." मला ते कौतुक वाटायचं.

इकडे नोंदी वाढत होत्या. मी दुसऱ्या बाजूचा जिना धरला. चार दिवसांत तो त्या बाजूला आला. आठवडाभर बसने गेले. परत मेट्रोला आले तर तो होताच, जागा धरून ठेवल्यासारखा. स्टॉकच्या रजिस्टरमध्ये माझ्या हातून बावीस वर्षांत झाल्या नसतील इतक्या चुका जुलैत झाल्या. गाडीत बसायला जागा असली तरी मी दाराशी उभी राहायची, म्हणजे काचेत मागचं दिसतं. घरी आल्यावर कडी लावायची, मग गॅस बघायच्या निमित्ताने पुन्हा दारापर्यंत जायची.

"काय शोधतेस?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"चप्पल आत आहे का बघते," मी म्हटलं.

ऑगस्टमधला गुरुवार. संध्याकाळचे पाच चाळीस, लख्ख ऊन. मेट्रोच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने माझं उजवं मनगट धरलं.

"दोन मिनिटं बोलायचंय, मॅडम."

मी मनगट फटीकडे वळवलं, कोपर अंगाशी घेतलं, पाऊल मागे घेतलं. हात सुटला. इतका सहज सुटला की त्याच्याइतकीच मीही चकित झाले. त्याने कोपर पकडलं. मी उघड्या तळव्याने त्याच्या छातीवर रेटा दिला आणि बाजूला झाले. तेही सुटलं. मग त्याने बॅगेचा पट्टा धरला.

दहा पावलांवर चहाचा गाडा होता. तिथे चार माणसं ग्लास हातात धरून आमच्याकडे बघत होती. त्यातला एकजण, खाकी शर्ट, पन्नाशीचा, ग्लास ठेवून पुढे आला. तेव्हा हा वळून कन्नडमध्ये त्याला म्हणाला, अगदी आरामात, जरा हसून, "घरची गोष्ट आहे, अण्णा. रुसलीय."

तो माणूस थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला एकच शब्द बोलायचा होता. इल्ला. नाही. कानडी मुलुखात जन्म काढलेली मी, तो शब्द मला तोंडात घास असतानाही बोलता येतो. पण माझे ओठ मिटलेले होते. घट्ट, गच्चीवर मिटायचे तसेच. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता, नाकातून, जोरात. खाकी शर्टवाला खाली बघत मागे गेला. नवराबायकोच्या भांडणातून भला माणूस जसा मागे जातो, तसा.

तोपर्यंत मला वाटत होतं, इथे माणसं आहेत.

मी बॅग सोडून दिली. पट्टा त्याच्या हातात राहिला आणि मी जिना चढले, दोन-दोन पायऱ्या, पाठ विसरून. वर तपासणीच्या यंत्रापाशी गार्ड बाई होती. "बॅग?" ती म्हणाली. मी खाली बोट दाखवलं. तो बॅग पहिल्या पायरीवर ठेवत होता. नीट, उभी, पट्टा आत घालून. मग तो शर्टाची कॉलर सारखी करत चालत निघून गेला. पळाला नाही.

गार्ड बाई बॅग आणायला माझ्याबरोबर खाली आली. चहावाल्याने मला स्टूल दिलं, चहा दिला. खाकी शर्टवाला अजून तिथेच होता. "अम्मा, आम्हाला घरचंच वाटलं," तो म्हणाला. "तुम्ही मारत होता, पण ओरडत नव्हता. परका असता तर बाई ओरडली असती, असं वाटलं." त्याचा चेहरा पडला होता. तो चुकला असं मी आजही म्हणणार नाही.

शनिवारी मी गच्चीवर सगळं सांगितलं. मार्चपासून. बाईंनी एवढंच विचारलं, "आवाज?"

"नाही निघाला."

त्यांनी दाराकडे बघितलं, नियमाकडे. अथणीची बाई मात्र कट्ट्यावर बसलीच.

"अक्का, कुठलं भांडं कुठं पालथं घालायचं ते मला रोज सांगता. आणि हे पोटात ठेवून बसलात?"

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मी आले असते की जिन्याखाली. लाटणं घेऊन." मग ती हसली नाही. "खरंच आले असते."

पुण्याची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, मीपण फिटनेस खोटंच लिहिलंय." मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही कोणी पुढे विचारलं नाही. सांगायचं तेव्हा ती सांगेल.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सात वाजता, बाई आम्हाला त्यांच्या शाळेच्या मैदानावर घेऊन गेल्या. एकेकीने मध्ये उभं राहून ओरडायचं होतं. मावशी अशा ओरडल्या की त्यांनाच ठसका लागला. माझी पाळी आली. घसा खाकरल्यासारखं काहीतरी निघालं.

"मांजर हाकलताय काय?" अथणीची बाई.

दुसऱ्यांदा तेवढंच. तिसऱ्यांदा तेही नाही. मला कळेना, की या वयात तोंड उघडायची भीती वाटते की उघडल्यावर काय बाहेर येईल त्याची. बाई पुढे आल्या आणि काही न सांगता त्यांनी माझं मनगट धरलं, उजवं, त्याच जागी. मी ओरडले. इल्ला म्हणून ओरडले. फाटका, घोगरा आवाज, पण फाटकापर्यंत गेला असावा, कारण वॉचमन खुर्ची सोडून धावत आला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"आला ना तो धावत?" त्या मला म्हणाल्या. "हेच हवं."

त्यानंतरची कामं मी माझ्या पद्धतीने केली. सोमवारी पोलिसांत अर्ज दिला; पुण्याची मुलगी सुटी काढून सोबत आली. सगळ्या नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून जोडल्या, एकूण सव्वीस. खाकी शर्टवाल्याने साक्षीला यायचं कबूल केलं. कारखान्याला पत्र दिलं, त्यांनी पॅकिंगच्या दोघींची आणि माझी सुटायची वेळ एक केली. आता आम्ही तिघी मिळून जिना चढतो. नियमाचा कागद मी काढला, आजोबांना आधी विचारून. ते म्हणाले, ओरडा, मी हिला पलीकडच्या खोलीत झोपवतो.

भीती गेली असं नाही. बुधवारी तो समोरच्या फूटपाथवर होता. लांब, पण होता. त्याने आम्हा तिघींना मोजल्यासारखं बघितलं. मी नोंद केली, सत्ताविसावी, आणि पोलिसांना फोन केला. तिकडून एक महिला हवालदार बोलल्या, की जबाब नोंदवायला आणि घर बघायला त्या शुक्रवारी सकाळी दहाला घरीच येतील. घरात कोण कोण असतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवरा असतो, शुक्रवारी त्याची दुपारची ड्युटी असते, आणि मी रजा टाकते.

आज गुरुवार, संध्याकाळचे सात. नवरा स्वयंपाकघरात गवार मोडत बसलाय. मघाशी त्याने विचारलं, "उद्या बाजारात जायचं का सकाळी?" मी म्हटलं, "दहा वाजता कोणीतरी येणार आहे." त्याने विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "सांगते." मग मी इथे येऊन हे लिहायला बसले. त्याची गवार संपत आली आहे. त्याला अजून सांगायचंय.