अठरा हातांची आई आणि माझा उजवा खांदा

गेल्या वर्षी कोजागिरीच्या तोंडावर माझा उजवा खांदा असा आखडला, की शर्टाची बाही चढवायलाही बायकोला हाक मारावी लागे. आणि आमच्या घरची कावड मला न्यायची होती. रामकुंडाचं पाणी खांद्यावरून पायी सप्तशृंगीच्या गडावर. वडिलांनी अखेरपर्यंत नेलं, त्यांच्यानंतर मी. ते माझ्या हातून खंडेल, ही धास्ती दुखण्याहून मोठी होती.

कायरोप्रॅक्टर डॉक्टरांनी मान-पाठ मोकळी करून दिली आणि दोन व्यायाम सांगितले. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं, आणि कमरेत वाकून हात सैल सोडून झुलवायचा. पालीसारखं भिंतीवर चढणं मला या वयात शोभेना. दर खेपेला मी ‘रोज करतो’ असं बेधडक सांगायचो; डॉक्टर खांदा चाचपून नुसते हसायचे. घरी मात्र देवीच्या तसबिरीपुढे बसून म्हणायचो, आई, तुला अठरा हात, माझा एक तेवढा बघ. ती ऐकते की नाही, अशी शंकाही घ्यायचो. मी स्वतः कुणाचंच ऐकत नव्हतो, हे मनातही आलं नाही.

यंदा कावड भावजींना द्या, असं बायकोनं सुचवलं. मी दोन दिवस अबोला धरला आणि शेवटी कावड घेऊन मीच निघालो. दिंडोरीच्या पुढे सोबतच्या मंडळींनी कावड मागितली, तर त्यांनाही रुबाबात सांगितलं, तुम्ही पुढे होऊन चहा सांगा. थोड्याच वेळात डावा खांदा भरून आला. कावड उजवीकडे घ्यायला गेलो, तर उजवा हात अर्ध्यावरच अडकला. वर जाईना, खाली येईना. दांडी घसरू लागली, पाणी हिंदकळलं. कावड भुईला टेकवायची नाही, हा आमचा नेम. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, मला रडू फुटलं.

शेजारच्या टोमॅटोच्या वावरातून एक बाई आली. चपला बांधावर सोडून तिनं कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“आता वाका, दादा. हात लोंबू द्या. उचलू नका, नुसता झुलू द्या.”

थेट डॉक्टरांचाच व्यायाम. क्रेट उचलून तिचाही खांदा असाच धरला होता म्हणे. मी ओशाळून म्हणालो, कावड मलाच न्यायला हवी. ती हसली.

“देवीला अठरा हात हायेत. तुमच्या एकावाचून तिचं काय नाय अडत. सोडा की त्याला.”

मी सोडला. येणारे-जाणारे बघत होते आणि मी वाकून हात झुलवत होतो. कळ हळूहळू उतरली. चहाच्या टपरीपर्यंत कावड तिनंच नेली, मंडळींच्या खांद्यावर दिली आणि मी नाव विचारेपर्यंत मागे वळलीही. पाणी गडावर पोचलं. पायऱ्या मी रिकाम्या हातांनी चढलो, आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

परतताना ते वावर शोधलं. त्या रस्त्याला टोमॅटोच टोमॅटो. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. डॉक्टरांपुढे मात्र सगळं कबूल केलं. ते म्हणाले, तुमचा खांदा मला कधीच सांगून बसला होता.

आता रोज सकाळी देवघराशेजारच्या भिंतीवर बोटं चढवतो. जिथवर पोचतील तिथं बायको पेन्सिलनं खूण करते. काल ती खूण तसबिरीच्या खालच्या कडेला लागली, आईच्या पायांशी. तिथून वर जायची मला घाई नाही.