भट्टीच्या अंगणात आखर

चैत्रातली सकाळ. नवेगाव बांधाजवळच्या आमच्या गावात मोहाच्या भट्टीपुढे आबकारीचा जमादार फिनाइलचा डबा घेऊन उभा होता... आणि त्याच्यासमोर मी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, डोक्यावरचा पदरसुद्धा धड सांभाळता येत नव्हता.

परवा नातू म्हणाला, आजी, बिअरच्या कारखान्यातला चोथा गुरांना घालायलाही सरकारचे नियम असतात. मला हसूच आलं. म्हटलं, बाळा, हे भांडण तुझ्या आजीनं सत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. तोच म्हणाला, मग लिही... म्हणून हे लिहितेय.

तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता, जिल्हा भंडारा. गावाबाहेर सरकारी परवान्याची भट्टी होती. मोहाची दारू काढल्यावर उकडलेल्या फुलांचा जो चोथा उरायचा तो गावातल्या बाया टोपलीनं घरी न्यायच्या आणि कोंड्यात कालवून ढोरांना घालायच्या. दारू कोण पितं याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, ढोरांचं पोट भरायचं एवढंच.

त्या वर्षी होळीनंतर आमची तणशीची गंजी जळाली. धानाची तणीस हाच ढोरांचा वर्षभराचा चारा, तो एका दुपारी राख झाला. माझी चांदरी तेव्हा गाभण होती. वडिलांनी आंदण दिलेली म्हैस ती, सासरच्या त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. ती चोथ्यावरच तग धरून होती.

आणि नेमका तेव्हाच हुकूम आला... चोथा भट्टीच्या कुंपणाबाहेर नेता कामा नये. शिपायासमोर खड्ड्यात टाकायचा आणि वरून फिनाइल ओतायचं. त्याच चोथ्यात गूळ-पाणी घालून लोक घरी पुन्हा दारू काढतात, असा सरकारचा संशय. काही लोक काढायचे, खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी सगळ्या गावाची ढोरं उपाशी मारायची?

चांदरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. एका संध्याकाळी सासरे, म्हणजे आमचे मामाजी, सासूबाईंना म्हणाले, "म्हैस मरन, त्यापेक्षा बजारात इकून टाकू." मला कोणी विचारलं नाही. मी चुलीपुढे बसून सगळं ऐकलं आणि इतका राग आला की भाकरी करपली.

आमच्याकडे गावची ढोरं सकाळी एका मोकळ्या जागी गोळा होतात, त्या जागेला आखर म्हणतात. तिथून ढोरकी त्यांना रानात नेतो. आखर कुठे असावं हे गाव ठरवतं, त्यात ना सरकार पडतं ना पाटील. करपलेली भाकरी उलटताना माझ्या डोक्यात आलं... चोथा बाहेर येत नसेल, तर आखर आत नेऊ.

मी लगेच ढोरकी सोमाजीकडे गेले. तो घाबरला. म्हणाला, "आखर हलवाचं त गावानं हो म्हनलं पायजे, बाई." गडीमाणसं नुसती चर्चा करत बसणार हे ठाऊक होतं, म्हणून मी घरोघरी बायांकडे गेले. चैत्रात कोणाचं ढोर तृप्त असतं? एकीनंही नाही म्हटलं नाही. भट्टीचा ठेकेदार तर रोज खड्डे खणून इतका वैतागला होता की त्यानं स्वतःच कुंपणाचं फाटक काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टीच्या अंगणात नारळ फोडला, एका दगडाला शेंदूर लावला... झालं आखर. सोमाजीनं हाळी दिली आणि गावची सगळी ढोरं आत शिरली. जमादार आला तेव्हा चांदरी चोथ्यात तोंड खुपसून उभी होती.

तो ओरडला, "माल बाहर नहीं जाएगा, ऑर्डर है."

मी म्हटलं, "बाहीर कोठी जाऊन राहिला जी? आमच्या आखरावर ढोरं खाऊन राहिली."

"पेट में तो जा रहा है."

"पोटाचा हुकूम असन त दाखवा."

मागच्या बाया हसल्या, तसा तो जास्तच चिडला आणि डब्याचं झाकण उघडू लागला. मी ढिगाच्या आणि डब्याच्या मधे जाऊन बसले. म्हटलं, "टाका. पन जमादारानं गाभन म्हशीले इख घातलं, हे मी भंडाऱ्यापर्यंत पायी सांगत जाईन." एकेक करून सगळ्या बाया येऊन माझ्या बाजूला बसल्या. शेवटी तो झाकण लावून सायकलवर बसला आणि निघून गेला.

पुढे काय कारवाई होते याची धाकधूक महिनाभर होती. काही झालं नाही. हुकूम मागे घेतल्याचं कोणी कळवलं नाही आणि आम्हीही विचारायला गेलो नाही. भट्टी बंद पडेपर्यंत आखर तिथेच भरत राहिलं.

आषाढात चांदरी व्यायली, वगार झाली. गोठ्यात सगळे जमले होते. मामाजींनी वगारीच्या गळ्यात दावं बांधलं, दाव्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे पन तुहीच."

माझ्या बाजूला बसलेल्या बायांपैकी आज कोणीच उरली नाही. त्या बसल्या नसत्या तर मी एकटी किती वेळ टिकले असते, देव जाणे... पण तिथून उठले नसते, एवढं नक्की.